डाव्या पायाचं माप

नदीचं नाव सांगणार नाही.
सांगितलं की छिन्नी-हातोडी घेऊन माणसं येतात.
एवढंच, की इंदूरहून पहाटे निघालो,
मानपूरचा घाट उतरलो तेव्हा जीपमध्ये
पोह्यांचा पुडा अजून कोमट होता
आणि वरची शेव मऊ पडली होती.

रेशिमवाले सरांना माझं काम माहीत होतं:
इस्पितळामागच्या शेडमध्ये एकवीस वर्षं
मी वाकड्या पायांचे बूट करते.
टाच उचलायची, तळव्याखाली कॉर्क भरायचा,
कॅलिपरच्या पट्ट्या ठोकायच्या.
माणूस दारातून आत येईपर्यंत
मला कळलेलं असतं कुठला पाय, आणि साधारण केव्हापासून.
"एकदा बघाच, कुंदाबाई," सर म्हणाले होते,
"गिऱ्हाईक जरा जुनं आहे."

मे महिना. पात्र कोरडं,
मधे एक डबकं, डबक्यात दोन म्हशी.
नानसिंगनं पळसाच्या फांदीनं वाळू झाडली.
त्याच्या पाड्यावर म्हणतात, राक्षसाची कोंबडी इथून गेली,
म्हणून आपल्या कोंबड्या संध्याकाळी मोजून झाकायच्या.
तीन बोटांचा ठसा. मग दुसरा. मग
खडकात ओळीनं नऊ,
पलीकडच्या काठाखाली शिरेपर्यंत.

सर वर्षं सांगत होते, कोटींमध्ये.
कोटी मला फक्त निवडणुकीत ऐकू येतात.
मी पिशवीतून टेप काढला,
चपला बाजूला ठेवल्या, गुडघ्यांवर बसले.

उजवं ते डावं, एक्केचाळीस इंच.
डावं ते उजवं, साडेतेहेतीस.
एक्केचाळीस.
चौतीस, कारण तिथे कड झिजली होती.
एक्केचाळीस.

डावा ठसा उथळ, बाहेरचं बोट जेमतेम टेकलेलं.
उजवा खोल, कडेनं चिखल वर आलेला
आणि वर आलेला तसाच राहिलेला.

मी म्हटलं, सर, हा लंगडतोय.
(किंवा ही. ते दगडात कळत नाही.)
सरांनी चष्मा पुसला. नानसिंग हसला नाही.
खडक तापला होता, तरी मी हात ठेवला,
दुखऱ्या पायावर ठेवतात तसा,
आधी कडेला, मग सावकाश जिथे दुखतं तिथे.

"जखमी असेल," सर म्हणाले, "पुढे कुठेतरी मेला असेल."
नाही हो. ताजी जखम असती
तर पावलं फरफटली असती, मधे एखादं चुकलं असतं.
हा नऊच्या नऊ एकाच तालात गेलाय.
ही सवय आहे.
म्हणजे त्या पायानं त्याला
शिकारीच्या मागे उपाशी ठेवलं असेल, ठेवलंच असेल,
पण लंगडं चालायला शिकण्याइतका
तो जगला होता.

काठ उकरला तर दहावं सापडेल, असं सर म्हणाले.
काठावर नानसिंगच्या काकाची तूर असते.
कोणी काही बोललं नाही. म्हैस डबक्यातून उठली,
पाणी गढूळ झालं आणि पुन्हा बसलं.

निघायच्या आधी मी वर्तमानपत्राचे चार कागद जोडले,
डाव्या ठशावर पसरले, पेन्सिल फिरवली.
शेडमध्ये पोरांना गुदगुल्या होतात,
पाय ओढतात, आणि रेघ तिथे उडते.
माझ्या कपाटात अशा हजारो उडालेल्या रेघा आहेत.
इथे रेघ कुठेच उडाली नाही.
मी उगाच दोनदा फिरवली.

सोमवारी जुबेरनं कपाट उघडलं,
घड्या घातलेला तो कागद बाहेर घरंगळला.
त्यानं उलगडला, जमिनीवर अंथरला,
स्वतःचा पाय मधे ठेवून पाहिला.
"किनका है ये, बाई?"
बाकावर तीनजणं थांबली होती,
एका आजोबांच्या बुटाची शिवण उसवली होती.
मी म्हटलं, राहू दे तिथेच.
वर नाव नको लिहूस.
फक्त लिही: डावा,
पाऊण इंच कॉर्क,
घाई नाही.